चोरपेव

माझी बायको धुरपता गेली हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर ती शांतलिंगच्या गिरणीत अडकून बसली आहे असंच मी धरून चाललो होतो.

संध्याकाळी ती दळण घेऊन गेली होती. गिरणी चावडीमागच्या मैदानाच्या पलीकडं, नव्या रस्त्याला लागून. ती पोचली असेल नसेल तोच पावसानं धरलं. उत्तरा नक्षत्र चालू होतं. तसा पाऊस आमच्या भागात वर्षानुवर्षं होत नाही, आणि झाला की घटकाभरात सगळा होतो. मैदान पाण्यानं भरलं. मी चावडीच्या पायऱ्यांवर उभा राहून हाका मारल्या. पलीकडं गिरणीत कंदील दिसत होता. तिथं आणखी बाया असतील, त्यांच्यात ती बसली असेल, पाणी उतरल्यावर येईल, असं म्हणून मी घरी आलो. शिळी भाकरी खाल्ली आणि झोपलो.

सकाळी शांतलिंग रस्त्यानं वळसा घालून आला. मला दारात बघून म्हणाला, "वहिनी नीट पोचल्या न्हवं काल?"

मी त्याच्याकडं बघत राहिलो. मग त्याचाही चेहरा बदलला.

"पाऊस जरा उघडला तशा निघाल्या," तो म्हणाला. "म्या म्हणलं थांबा, पाणी लई हाय. तर म्हणल्या, मांडीएवढं तर हाय, मला पायाखालची वाट म्हाईत हाय."

तिचा पत्र्याचा डबा सोसायटीच्या गोडाऊनच्या जोत्याला लागून तरंगत होता. झाकण घट्ट होतं. आत पीठ कोरडं होतं.

मैदानातलं पाणी लवकर उतरेना, कारण त्याला जायला वाट नव्हती. दुपारी ते घोट्याएवढं राहिलं तेव्हा मधे एके ठिकाणी बुडबुडे येताना दिसले. पिराजीनं तिथं काठी घातली. काठी बुडाली, त्याचा हात खांद्यापर्यंत बुडाला, तरी तळ लागला नाही. सोसायटीचं इंजिन आणून पाणी उपसलं. पिराजी कमरेला दोर बांधून खाली उतरला. तो विहिरी खोदणारा माणूस, कशाला भीत नाही. पण वर आला तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

ते चोरपेव होतं.

पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत. आमच्या शिवारात सगळी काळी माती. काळ्या मातीत पेव टिकत नाही, भेगा पडतात. चावडीमागची जागा तेवढी पांढऱ्या घट्ट मुरमाची. म्हणून पूर्वीपासून साऱ्या गावाची पेवं तिथंच. मोठी पेवं गड्यांची. ती उघड असत, त्यांची तोंडं सगळ्यांना ठाऊक असत आणि पुढं ती बुजवली गेली. चोरपेवाचं तसं नव्हतं. बंडीला जसा चोरखिसा तसं चोरपेव. घागरीसारखं, तोंडाला अरुंद, पोटात माणूस उभा राहील एवढं. तोंडावर फरशी, फरशीवर हातभर माती. ते बायकांचं असे. निजामाच्या वेळी लेव्हीचे लोक धान्य काढायला यायचे ते गड्यांना धरून मारायचे. ज्याला जागा माहीतच नाही तो मार खाऊन तरी काय सांगणार? म्हणून सासूनं सुनेला दाखवायचं, लेकाला नाही. लेकीलाही नाही, लेक दुसऱ्याच्या घरी जाते. दिवस मावळताना बायका मिळून मैदानावरून ओढ्याकडं परसाकडला जात. त्या वेळी तिकडं गडी माणूस बघत नाही. भरायचं ते त्या वेळी भरत, काढायचं ते त्या वेळी काढत.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांतला शेवटचा दाणा निघाला. पुढं हायब्रीड आलं. ती ज्वारी पेवात टिकत नाही, किडते. सोसायटीनं गोडाऊन बांधलं. चोरपेवं रिकामीच राहिली आणि त्यांचं नाव कोणी काढेना.

आणि त्याच दुष्काळात पाण्याची वाट बंद झाली. पूर्वी मैदान ओढ्याकडं उतरतं होतं. पडेल ते पाणी सरळ ओढ्यात जायचं. दुष्काळी कामावर आम्ही त्याच्या एका अंगानं रस्ता केला. मीही तिथं खडी फोडली, धुरपतानंही फोडली. रस्ता कमरेएवढा उंच झाला. त्याखालून मोरी ठेवावी हे कोणाच्या मनात आलं नाही. प्यायला टँकर येत होता. पाणी जास्त होईल असं बोलणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. मग दुसऱ्या अंगाला गोडाऊनचं जोतं आलं. मैदानाची परात झाली. दरवर्षी थोडं पाणी साचायचं, मुरायचं. ते कुठं मुरतं हे कोणी विचारलं नाही. ते पेवांच्या छतांत मुरत होतं.

धुरपताच्या तेराव्यानंतर मी मैदानात पाय ठेवला नाही. गिरणीला जायचं तर रस्त्यानं मोठा वळसा घालत होतो. घराचा ओटा उतरतानाही आधी काठी आपटून बघत होतो. शाळेची पोरं मैदानात कवायत करायची. मास्तर शिट्टी वाजवायचे आणि सगळी पोरं एकदम पाय आपटायची. ते मला ओट्यावर ऐकू यायचं. मी कान दाबून घरात जाऊन बसायचो.

मास्तरांना सांगून मी कवायत बंद करवली. मैदानात भरणारा बाजार मात्र बंद होईना.

तात्याराव सोसायटीचे चेअरमन. त्यांच्याकडं मी रोज जायला लागलो. शेवटी ते म्हणाले, "म्हारुद्रा, अरं मला काय वाटत न्हाय व्हय? पर करायचं काय, त्ये तरी सांग."

"पाण्याला वाट करा. आन पेवं शोधून भरा."

"वाट करता येती. पेवं कोण सांगणार?"

उन्हाळ्यात तालुक्याहून ओव्हरसियर आले. चांगला माणूस होता. त्यांनी मैदान हिंडून बघितलं आणि कागदावर काढून दाखवलं. रस्त्याखालून मोरी घालायची. मैदानाच्या कडेनं उथळ चर, चरात दगडगोटे. आणि जागोजागी शोषखड्डे, म्हणजे खोल खड्डा घेऊन खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू. पाणी साचणार नाही, वाहून वायाही जाणार नाही. जमिनीत मुरेल आणि खालच्या विहिरीला लागेल. दुष्काळी गावाला असंच काम पाहिजे, असं ते म्हणाले. जी पेवं सापडतील ती तशीच दगडवाळूनं भरून टाकू, त्यांचेच शोषखड्डे होतील.

"आणि न सापडलेली?" मी विचारलं.

त्यांनी कागद खाली ठेवला. "तेच सांगतो. आपण पाणी मुद्दाम जमिनीत सोडणार. सगळी जमीन आतून भिजणार. तिच्यात पोकळी राहिली तर तिचं छत आजपेक्षा लवकर बसेल. म्हणून आधी सगळी शोधा."

पिराजी माझ्या शेजारी बसला होता. तो हळूच म्हणाला, "चोरपेव म्हंजी बायकांची बँक साहेब. खातं कुणाचं हाय त्ये मॅनेजरलाबी म्हाईत नसतंय."

लोक हसले. मला हसू आलं नाही, पण राग आला नाही. पिराजीच तिला वर घेऊन आला होता.

मी घरोघर गेलो. गडी म्हणायचे, आम्हाला ठाऊक नाही, आणि ते खरं होतं. बायका म्हणायच्या, आमच्यात नव्हतंच, आणि ते खोटं होतं. ज्या पेवात धुरपता गेली ते कोणाचं हे कोणी बोलत नव्हतं. मला तेच विचारायचं आहे असं त्यांना वाटत होतं. मी एकेका दारात सांगायचो, "कुणाचं त्ये मला नगं. कुठं तेवढं सांगा." बायका पदर सावरून आत जायच्या.

गौराबाई आमच्या आळीची सगळ्यात म्हातारी. मी तिच्या ओट्यावर बसलो. तिनं चहा ठेवला नाही. म्हणाली, "तुला कुणी सांगितलं का रं?"

"काय, काकू?"

"की माझं हुतं म्हणून."

मला खरंच माहीत नव्हतं.

"माझ्या सासूनं काळ्या धोंड्याची खूण दावली हुती," ती म्हणाली. "धोंड्यापासनं आठ पावलं, गावाकडं तोंड करून. त्यो धोंडा तुमी खडीला फोडला. मंग म्या कशावरनं सांगू? आन सांगणार तरी कुणाला? लेकाला सांगायचं न्हाय. सून तर पुण्यात." तिनं नाक पुसलं. "धुरपता माझ्या हाताखाली वाढली रं. लगीन हून आली तवा भाकरीबी थापता येत नव्हती तिला."

"काकू, तुमी काय केलं न्हाय."

"न्हायच केलं. काय केलं न्हाय म्हणून तर झालं."

मी तिला सांगितलं, बाकीच्या बायकांना तुम्हीच बोला. ती म्हणाली, "गड्यांनी तिकडं बघायचं न्हाय. चावडीत बसायचं, पाठ करून. बोलायला कुणाला लावू नगा. बाया राख टाकतील."

त्याच सुमाराला माझी लेक अयोध्या जळकोटहून आली. आई गेल्यापासून ती सणालाही आली नव्हती. तिला बघून बायकांना धीर आला असावा. एका संध्याकाळी गौराबाईनं सगळ्या सासवा गोळा केल्या, काही सुनाही होत्या. आम्ही गडी चावडीत भिंतीकडं तोंड करून बसलो. चेअरमनही बसले, ओव्हरसियरही बसले.

पिराजी म्हणाला, "लेव्हीवाल्यानं बी एवढं गप बसवलं नव्हतं."

"तू गप रं," तात्याराव म्हणाले. "तुझ्या बायकूचं कुठं हाय?"

"आमचं कुठलं पेव तात्या. आमच्यात शिल्लक काय राहायचं, की ते पुरायचं? तुमची मोठी पेवं खोदायला मातर आमचाच आजा."

मागं बायकांच्या बांगड्या वाजत होत्या. कोणी बोलत नव्हतं. मग ते आवाज ओढ्याकडं गेले आणि थांबले.

सकाळी आम्ही मैदानात उतरलो. राखेच्या पांढऱ्या चिमटी जागोजागी पडल्या होत्या. मी एक बघितली, मग दुसरी, मग मला पुढं बघवेना. जिथं भाजीवाल्या बसतात तिथं राख होती. जिथं शाळेचा झेंडा लावतात त्या खांबाजवळ होती. दोन तर बाजाराच्या वाटेवरच होत्या. आयुष्यभर आम्ही सगळे ह्यांच्यावरून चाललो होतो. बैलगाड्या गेल्या होत्या. तात्यारावांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. कोणीच मोठ्यानं बोलत नव्हतं. जोरानं बोललं तर खाली जाऊ, असं सगळ्यांच्या चालण्यावरून वाटत होतं.

पिराजीनं आणि त्याच्या माणसांनी एकेक तोंड उघडलं. आधी उघडून ठेवायचं, आतली कोंदट हवा जाऊ द्यायची, मग कंदील सोडायचा. कंदील विझला नाही तर पुढं. आतून तोच वास यायचा, आंबट, जुन्या ज्वारीचा. तो वास आला आणि मला बहात्तर आठवलं.

त्या साली घरात दाणा नव्हता. रेशनची मिलो, म्हणजे परदेशातली ज्वारी, मिळायची, ती पोटात राहत नव्हती. एका रात्री धुरपतानं ज्वारीची भाकरी वाढली. तांबूस, आंबट वासाची. मी म्हणालो, कुठून आणलीस? ती म्हणाली, "खावा की गप." मी गप खाल्ली. पुढं बरेच दिवस ती भाकरी मिळत होती. अयोध्या तेव्हा लहान होती, त्या भाकरीवर जगली. विचारायची रीत नव्हती. मी विचारलं नाही.

म्हणजे आमचंही होतं.

मी गौराबाईकडं गेलो. "धुरपताची राख कुणी टाकली?"

तिनं मान हलवली. "तिची कोण टाकणार? तुझी आई तिला दावून गेली. तिनं कुणाला दावायचं? तुला ल्योक न्हाय, सून न्हाय."

"तुमाला काय अंदाज?"

"दुसरीच्या पेवाकडं बघायचं नसतं बाबा. आमी तोंड फिरवायचो."

मला आता कळलं की ती त्या रात्री "पायाखालची वाट म्हाईत हाय" का म्हणाली. तिला आपलं माहीत होतं. पाण्यात ती आपलं पेव चुकवून चालली होती, आणि चुकवताना गौराबाईच्या पेवावर गेली.

मी पहार घेऊन मैदानात गेलो. पहार आपटायची आणि कान द्यायचा. पहिल्या दिवशी मला एके ठिकाणी पोकळ ऐकू आलं. तिथं खणलं, निव्वळ मुरूम निघाला. दुसऱ्या ठिकाणी खणलं, तिथंही मुरूम. मग मला सगळीकडंच पोकळ ऐकू यायला लागलं. घरात पाटा ठेवला तरी खाली पोकळ वाजायचं. पिराजीनं पहार माझ्या हातातून काढून घेतली.

"तू घरी जा," तो म्हणाला. "तुझ्यानं आता मैदानाची चाळण हुईल."

त्या दिवशी अयोध्या चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "आबा, आई वाकडी चालायची."

"म्हंजी?"

"मैदानातनं जाताना. मी बोट धरून असायची. सरळ जायची, जायची, मग एकाएकी मला ओढून बाजूला घ्यायची. माझं बोट दुखायचं. मला वाटायचं तिथं काटा हाय."

मलाही आठवलं. लग्नानंतर नव्यानंच आम्ही बाजाराला गेलो तेव्हा मी तिला म्हणालो होतो, बैल बिचकल्यागत काय चालतीस? ती हसली होती. तेव्हा ती कुठं वळली ते बघायला पाहिजे होतं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"कुठं ओढायची?" मी विचारलं.

"तसं सांगता येत न्हाय. चालले तर येईल."

आम्ही मैदानात गेलो. मी तिला एकटीला चालू देईना. तिच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक पिराजीकडं दिलं. ती चावडीपासून गिरणीकडं चालली. पाऊल टाकायची, थांबायची. ती सरळ पलीकडं गेली, कुठंच वळली नाही.

"तुमी सगळे बघताय," ती म्हणाली. "मंग पायाला म्हाईत असलेलं पाय इसरतो."

पिराजी म्हणाला, "डोक्यावर घागर दे तिच्या. आन बोट धरायला कुणीतरी पायजे."

मी तिचं बोट धरलं. डोक्यावर तिच्या आईचाच पत्र्याचा डबा दिला. आम्ही निघालो. मैदान निम्मं ओलांडल्यावर तिनं मला डावीकडं ओढलं. जोरानं ओढलं, बोट दुखलं. मग ती थांबली.

"हितं?" मी विचारलं.

"हितंच असंल. पर आबा, मी तवा लहान हुते. माझी पावलं लहान हुती. आईची मोठी. आन तवा रस्ता न्हवता, आमी गिरणीकडं न्हाय, ओढ्याकडं जायचो."

तिथं खणलं. आजूबाजूलाही खणलं, पिराजी छातीएवढा आत गेला. मुरूमच लागला.

मृग तोंडावर आला. ओव्हरसियरांनी मला बाजूला बोलावलं. "महारुद्रराव, तुम्ही म्हणाल तर काम थांबवतो. पण काम थांबलं तर पाणी पहिल्यासारखं साचणार."

तात्याराव म्हणाले, "एकाच्या पायी सगळं अडवायचं का, ह्ये तूच सांग. मी सांगणार न्हाय."

दोन्हीकडं भीतीच होती. पाणी साचलं तर कोणीतरी त्यातून चालणार. पाणी मुरलं तर खालचं छत भिजणार. मी म्हणालो, काम करा.

मोरी झाली. चर झाले. राखेच्या सगळ्या जागा दगडवाळूनं भरल्या. गौराबाईचं पेव मी स्वतः भरलं, ओढ्यातले गोटे वाहून. गौराबाई ओट्यावरून बघत होती. शेवटची पाटी टाकली तेव्हा ती आत गेली.

पहिल्या मोठ्या पावसात मी चावडीत उभा होतो. पाणी चरातून आलं, मोरीतून थोडं गेलं, बाकीचं दगडांत शिरलं. पाऊस उघडला तेव्हा मैदानात पाणी नव्हतं. लोक खूश झाले. पुढच्या महिन्यात खालच्या विहिरीचं पाणी वर आलं. तात्यारावांनी शाळेत पेढे वाटले. आता शेजारच्या गावांतले लोक ते काम बघायला येतात.

पोरं परत कवायत करायला लागली. मास्तरांना मी सांगितलं आहे की अयोध्या जिथं वळली त्या बाजूला कवायत घेऊ नका. तिथं मी बाभळीच्या काट्या टाकल्या आहेत. पण काट्या टाकलेली जागा चुकीचीही असेल. पोरं दुसऱ्या बाजूला पाय आपटतात तेव्हा ती बाजू बरोबर आहे हे मला कोण सांगणार?

पाऊस पडला की पाणी मैदानात कुठं मुरतं ते मी बघत बसतो. सगळीकडं सारखंच मुरतं.

आमचं चोरपेव सापडलेलं नाही. ते भरायचं राहिलं आहे.